पाहुण्यांची गॅलरी

कर्वेनगर, पुणे
१६ मार्च २०२५

प्रिय योगेश,

पाच आठवडे तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफी मागतो. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. वेळ होता. तुझा फोन पोलिसांनी जमा करून घेतल्याचं मला दुसऱ्याच दिवशी कळलं, आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. फोन लागत नाही म्हटल्यावर बोलावं लागत नाही. पत्र लिहिता येतं हे आठवायला मात्र भैरू गेल्यानंतरचे सोळा दिवस लागले.

तुला सगळं माहीत आहे, तरी मी क्रमाने लिहितो. कॉलेजात असल्यापासून तुला माझी ही खोड ठाऊक आहे. लिहिल्याशिवाय माझं म्हणणं मलाच कळत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार. मुळा-मुठा फुटबॉल चषकाचा उपांत्य सामना, आमचं कसबा क्रीडा मंडळ आणि तुमचा लोणी काळभोरचा संघ. गेल्या वर्षी याच दोन संघांच्या सामन्यानंतर चहाच्या टपरीपाशी मारामारी झाली होती, सात जणांना टाके पडले होते. म्हणून यंदा दोन्हीकडचे प्रेक्षक वेगळे बसवायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. गणिताचा मास्तर, गर्दी मोजेल, एवढीच त्यामागची समजूत. मी चार पानांचा आराखडा केला. रांग एकच, पुढे फाटा. पिवळे म्हणजे आमचे उजवीकडे, निळे म्हणजे तुमचे डावीकडे. मध्ये पंधरा फूट मोकळी पट्टी आणि बांबूचं दुहेरी कुंपण. सामना संपल्यावर आमची माणसं बाहेर पडेपर्यंत तुमची गॅलरी वीस मिनिटं थांबवायची. आणि कलम सात: एकदा बसलेल्या प्रेक्षकास कोणत्याही कारणाने पलीकडे सोडू नये. त्या कागदावर 'पाहुण्यांच्या गॅलरीचे प्रमुख' म्हणून तुझी सही आहे.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला आमचा गोल झाला. मी कुंपणापाशी उभा होतो. आमची गॅलरी उठून नाचत होती, आणि तुमच्या गॅलरीत एके ठिकाणी गर्दी आतल्या बाजूला वाकलेली दिसली. माणसं एका जागेभोवती वाकली होती. मला आधी वाटलं, कुणाला तरी चक्कर आली.

तो भैरू होता. एकोणीस दिवस हॉस्पिटलात बेशुद्ध राहून २८ फेब्रुवारीला गेला. एकोणपन्नास वर्षांचा, मूळचा तुमच्या लोणीचा. तांबट आळीत भांडी ठोकण्याच्या कामात त्याची तीस वर्षं गेली. आमच्या मंडळाचा एकही सामना त्याने चुकवला नाही. खिशात पिवळा रुमाल होता. तुमच्या गॅलरीत तो कसा आला, हाच आता सगळ्यांचा प्रश्न आहे.

फाट्यावर दीपमाला उभी होती. ती आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेत सहायक आहे, मूळची वर्ध्याची. तिने लेखी खुलासा दिला आहे: 'सदर इसम बोलण्यावरून लोणीचा वाटल्याने मी त्यास डावीकडे पाठवले. ही माझी वैयक्तिक चूक आहे.' मंडळाने नेमलेली समिती २१ एप्रिलला निर्णय देईल आणि तो पोलिसांकडे जाईल. आमचे अध्यक्ष श्रीनिवासराव म्हणतात, "माणसाला गावाची ओढ असतेच. गेला असेल आपल्या माणसांत बसायला. त्यात त्या बाईंनी घोळ घातला. संपलं."

पेठेत हेच चाललंय. शोकसभा झाली ती मंडळाच्या एका जुन्या खेळाडूची, भैरूचं नाव त्यात घेतलं नाही. त्याची बायको चंपाबाई पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते. तिथे एकीने तिला तोंडावर ऐकवलं, "तीस वर्षं आमच्यात जेवला आणि शेवटी त्यांच्यात जाऊन बसला." ती दुसऱ्या दिवसापासून कामाला गेलेली नाही.

तू त्या गॅलरीत होतास. तुला काय दिसलं ते मला कळव.

तुझा,
सलिल


लोणी काळभोर
२४ मार्च

सलिल यास,

पत्र पोचलं. शुद्धलेखन नेहमीप्रमाणे उत्तम.

मला काय दिसलं ते मी पोलिसांना तीन वेळा सांगितलं आहे, आता चौथ्यांदा तुला सांगतो. गोल झाला, एक माणूस हात वर करून उभा राहिला, मागून कुणीतरी ढकललं, पुढच्यांनी ठोसे घातले, तो सिमेंटच्या पायऱ्यांवरून खाली आला. माझा पुतण्या शंभू आणि आणखी दोघं आत आहेत. त्याची आई, माझी वहिनी, रोज सकाळी माझ्या नर्सरीत येऊन रोपांच्या पिशव्यांजवळ बसते. मी पाणी घालायला लागलो की उठून जाते. आमच्या वकिलांचं म्हणणं असं की आमच्या पोरांना वाटलं, हा मुद्दाम चिथवायला येऊन बसला. जामिनाची तारीख २५ एप्रिल आहे.

आता तुला माहीत नसेल ते सांगतो. भैरू नुसता लोणीचा नव्हता, आमच्या आळीतला होता. आमच्या घरापासून चौथं घर. मला विहिरीत पोहायला त्याने शिकवलं, कमरेला वाळके भोपळे बांधून. एकोणिसाव्या वर्षी तो पुण्याला गेला. तीस वर्षांनी कोण कुणाला ओळखतं? कुणी ओळखलं नाही.

त्याची आई, यमुनाबाई, अजून आहे. मी भेटायला गेलो. तिनं विचारलं, "माझ्या लेकाला कुणी मारलं रं?"

मी म्हटलं, "गर्दीनं, मावशे."

"गर्दीत कोन कोन व्हतं, त्यास्नी नावं न्हाईत व्हय?"

मी चहा न घेता उठलो.

तू प्रश्न विचारलेस, आता माझा एक. आमच्या गावचे बरेच जण त्या दिवशी साध्या कपड्यांत होते. ते सांगतात की तुमच्या फाट्यावर रंगाचा कपडा नसला की थांबवत होते आणि बोलायला लावत होते. आमचा आमोद पुण्यात तुमच्याच एका कंपनीत संगणकावर बसतो, इंग्रजीत बोलला, तर म्हणे त्याला उजवीकडे पाठवलं. तिथून तो तुमच्या लोकांत पिवळ्यांसाठी टाळ्या वाजवत बसला, घाबरून. सगळ्यांना हसू आलं होतं तेव्हा. ही बोलायला लावायची अक्कल एका वर्ध्याच्या बाईची असेल हे मला पटत नाही. तुझ्या चार पानांत ते कुठे आहे?

योगेश


कर्वेनगर
३० मार्च, पाडवा

प्रिय योगेश,

चार पानांत ते नाही.

एवढंच लिहून पत्र बंद करायचा विचार होता. अर्धा तास तसाच बसलो. हेमा बाहेरून म्हणाली, "अहो, गुढीला नैवेद्य दाखवायचाय, किती वेळ लिहिताय?" आलोच म्हटलं आणि गेलो नाही.

आराखड्यात लिहिलं होतं: रंग न घातलेल्या प्रेक्षकाचे ओळखपत्र पाहावे. सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी रंगीत तालीम केली तेव्हा मी घड्याळ लावून पाहिलं. खिशातून पाकीट, पाकिटातून कार्ड, त्यावरचा पत्ता वाचणं, माणशी चाळीस सेकंद. अठराशे माणसं, एकच रांग, सामना चार वाजता. गणित बसत नव्हतं. आमचे चौदाही स्वयंसेवक समोर उभे होते, उन्हात. मी म्हणालो, "शंका आली तर दोन वाक्यं बोलू द्या. कळतंच की."

सगळे हसले. मला ते हसणं आवडलं, योगेश. हेही लिहून ठेवतो.

हे वाक्य माझं. कागदावर नाही, पण चौदा जणांनी ऐकलं. भैरूच्या खिशात त्या दिवशी आधार कार्ड होतं, कसबा पेठेच्या पत्त्याचं. हॉस्पिटलात त्याचे कपडे चंपाबाईंना दिले तेव्हा मी तिथे होतो. चाळीस सेकंद लागले असते.

तुला वाटेल, एवढंच लपवलं होतं. नाही. याहून वाईट आहे.

दीपमालाने खुलाशाचा पहिला कच्चा मसुदा माझ्याकडेच आणला होता. "सर, माझी भाषा तुम्हाले माहीत आहे, जरा नीट करून द्या," म्हणाली. दीड पान होतं. त्यात एक वाक्य होतं, 'सलिल सरांनी सांगितल्याप्रमाणे मी लोकांना बोलायला लावत होते.' ते मी खोडलं. तिला म्हटलं, खुलासा आटोपशीर हवा. दुसरं वाक्य होतं, 'तो माणूस म्हणाला, मी कसब्यातलाच हाय, तीस वर्षं झाली.' तेही खोडलं. तिला म्हटलं, याने तुझीच चूक मोठी दिसेल, त्याने सांगूनही तू ऐकलं नाहीस असा अर्थ होईल. हे कारण खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला इतकं सोपं गेलं.

त्या दुसऱ्या वाक्यावर भैरूची अब्रू होती. ते गेलं, आणि पेठेने उरलेला भाग हवा तसा वाचला.

परवा मी तिला प्रयोगशाळेत जाऊन भेटलो. ती परीक्षानळ्या धूत होती. मी विचारलं, "तुला आठवतं का, तो नेमकं काय म्हणाला?"

"तुम्हाले तर माहीत आहे सर. मी लिवलं होतं."

"पुन्हा सांग."

"मी म्हटलं, कुठून आले काका? तो म्हणे, 'इथलाच हाय की, कसब्यातलाच, तीस वर्सं झाली.' मी म्हटलं, काका, तुम्ही डावीकडं जा. तो हसला. म्हणे, 'बरं बाई, तू म्हनशील तिकडं.'" तिने नळी उलटी करून स्टँडला लावली. "मले वाटलं तो खोटं बोलून राहिला. तुम्हीच म्हटलं होतं कळतंच म्हणून."

मी स्टँडवरच्या धुतलेल्या नळ्या मोजत उभा राहिलो.

"सर, एक विचारू? त्या दिवशी मी रांगेत असती आणि मले कोणी दोन वाक्यं बोलायला लावली असती, तर मी कोणत्या बाजूला गेली असती?"

तिच्या नोकरीवर गदा येणार आहे, योगेश. ती अजून कायम झालेली नाही. पोलिसांकडे तिचं एकटीचं नाव जाईल.

मी काय करायला हवं हे मला माहीत आहे. मग तुला का विचारतो आहे, हेही मी स्वतःला विचारलं. बहुतेक तू शिव्या द्याव्यास आणि तेवढ्यावर भागावं, असं असेल.

आणि एक. तू लिहितोस, कुणी ओळखलं नाही. ज्याने तुला पोहायला शिकवलं, त्याला तूही ओळखलं नाहीस?

सलिल


कर्वेनगर
१२ एप्रिल

योगेश,

दोन आठवडे झाले. मागच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मी विचारायला नको होता, किंवा विचारायलाच हवा होता, मला ठरवता येत नाही. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पण पत्र मिळालं एवढं तरी कळव. टपालात हरवलं असेल तर ते कुणी तिसऱ्याने वाचलं असेल, आणि मला कळत नाही की त्याची मला भीती वाटते आहे की इच्छा आहे.

सलिल


लोणी काळभोर
१५ एप्रिल

सल्या,

मिळालं. हरवलं असतं तर बरं झालं असतं.

शिव्या हव्यात म्हणून लिहिलंस. देणार होतो, चार पानं भरून. सुरुवातही केली. त्या बाईच्या कागदावर लाल पेन चालवून तू तिला कशात ढकललंस, ते लिहीत होतो, आणि मध्येच पेन थांबलं. कारण तुझं तर नुसतं वाक्यच होतं. माझं काय होतं ते सांगतो. एकदाच सांगेन.

मी त्याला ओळखलं. लांबूनच ओळखलं, चालण्यावरून. सामना सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील. तो पायऱ्या चढून थेट माझ्यापाशी आला.

म्हणाला, "योग्या, तूच ना रं? केवढा झालास."

मी म्हटलं, "भैरूदादा, तुम्ही इकडं कुठं?"

"आरं, त्या पोरीनं इकडं धाडलं. म्या कसब्याचा हाय म्हनलं तरी ऐकंना. मला पलीकडं सोड की."

मी कुंपणाकडं बघितलं. तुझी दोन माणसं तिथं उभी होती, हात मागं बांधून. कलम सात. मी स्वतः सही केलेली. माझ्या डोक्यात काय आलं सांगू? मी एकाला सोडलं तर हे पुणेकर म्हणणार, बघा, लोणीवाल्यांना शिस्त नाही. आपण यंदा नियमाला धरून राहायचं, एकदा दाखवूच यांना. एवढ्यासाठी.

मी म्हटलं, "मध्यंतर होऊ द्या दादा, तेव्हा बोलून सोडतो. तोवर रुमाल खिशात राहू द्या."

"बरं. पर गोल झाला तर मला गप बसवत न्हाई बघ," म्हणाला, आणि हसला. मीही हसलो.

तो खाली चौथ्या पायरीवर जाऊन बसला. मी शंभूला बोलावलं, तो माझ्या गॅलरीतला स्वयंसेवक होता. त्याला नीट सांगितलं: तो पांढऱ्या शर्टातला माणूस आपल्या आळीतला आहे, यमुनाबाईचा थोरला, पुण्याच्या बाजूचा आहे, चुकून इकडं आलाय, मध्यंतरात त्याला पलीकडं पोचवायचा. शंभू म्हणाला, "बरं काका."

पुढे तुला माहीत आहे. रुमालही नव्हता बाहेर काढला त्याने. नुसते हात वर गेले. आणि पहिला हात शंभूचा होता.

त्याला माहीत होतं, सल्या. मीच सांगितलं होतं. मी त्याला तुरुंगात भेटलो तेव्हा विचारलं, का रे? तो म्हणाला, "काका, सगळे उठले. मला काय झालं मलाच कळंना. तो हसत व्हता." मला त्याला मारावंसं वाटलं, मध्ये जाळी होती.

मी वर उभा होतो. खाली पोचायला मला किती वेळ लागला ते मी मोजलेलं नाही, मोजणं तुझं काम. पण मी पळालो नाही, हे मला आठवतं. मी चाललो. गर्दीत पळू नये, असं तुझ्या कागदावर होतं.

वकिलांना यातलं काही माहीत नाही. वहिनीला नाही. हे बाहेर आलं तर 'आमच्या पोरांना वाटलं तो चिथवायला आला' हे उभं राहत नाही. शंभू सुटत नाही. चोवीस वर्षांचा आहे.

तू तुझं वाक्य समितीला सांग. सांगच. त्या बाईला मोकळं कर. पण हे माझं सांगू नकोस. तुला मी आजवर कधी काही मागितलं नाही.

योगेश


कर्वेनगर
२० एप्रिल, रविवार

प्रिय योगेश,

काय झालं ते लिहितो, मग तुझ्याबद्दल.

गुरुवारी मी दीड पानाचं निवेदन लिहिलं. तालमीच्या शनिवारी मी काय बोललो, का बोललो, कुणी ऐकलं, आणि दीपमालाच्या खुलाशातली कोणती दोन वाक्यं मी खोडली. ते घेऊन मी श्रीनिवासरावांकडे गेलो. ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. निवेदन त्यांनी चष्मा न लावता हातात घेतलं आणि परत दिलं.

"सलिलराव, तुमच्या आराखड्यात हे वाक्य आहे का?"

"नाही."

"मग ते कुणी वाचलं?"

"चौदा जणांनी ऐकलं."

"ऐकलेलं हवेत जातं, लिहिलेलं राहतं. तुम्ही शिकवता, तुम्हाला मी काय सांगायचं."

"म्हणूनच लिहून आणलंय."

त्यांनी पेपरची घडी घातली. "अहो, यात मंडळ अडकेल. पुढच्या वर्षी मैदान मिळणार नाही. एका बाईची बदली होऊन मिटत असेल तर तुम्हाला कसली खाज आहे?"

"बदली नाही. पोलिसांकडे नाव जाणार आहे."

"चहा घेणार आहात?"

"नको."

"मग बसलात कशाला?"

मी उठलो. यात शौर्य नाही. मी त्यांना सांगायला गेलो नव्हतो, परवानगी मागायला गेलो होतो, हे मला खाली आल्यावर कळलं. त्यांनी 'राहू द्या' म्हटलं असतं आणि जरा प्रेमाने म्हटलं असतं, तर मी काय केलं असतं, याची मला खात्री नाही.

तिथून दीपमालाकडे गेलो. निवेदन तिला वाचून दाखवलं. ती आभार मानेल असं मला कुठेतरी वाटत होतं, आणि ते तिने माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं.

"आता मी तुम्हाले थँक्यू म्हणू का सर?"

"नाही."

"मी पण नवीन खुलासा लिहून राहिली. जुना परत घेते म्हणून."

"बघू का एकदा?" मी सवयीने हात पुढे केला.

तिने कागद उलटा करून टेबलावर ठेवला. "नको. या वेळी चुका माझ्याच राहू द्या."

आता तुझं.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. पहिल्या वाचनात मला शंभूचा राग आला, नंतर तुझा, आणि त्यानंतर मात्र सारखं कलम सातच दिसत राहिलं. त्यात 'कोणत्याही कारणाने' हे शब्द मी का घातले, हे आठवायचा प्रयत्न केला. स्वयंसेवकांना विचार करावा लागू नये, म्हणून. आराखड्याच्या बैठकीत मी हे मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. तू तिथे पहिल्या रांगेत होतास आणि मान डोलावली होतीस. एका माणसाला पंधरा फूट सोडायला दोघांपैकी एकाने थोडा विचार केला असता तरी पुरलं असतं.

पण याने तुझं ओझं माझ्यावर येत नाही आणि माझं तुझ्यावर जात नाही.

तुझं १५ तारखेचं पत्र या पाकिटात परत पाठवतो आहे. नक्कल काढलेली नाही. उद्या समितीसमोर मी माझं सांगेन, तुझं सांगणार नाही. ते माझ्या तोंडून गेलं तर ती चहाडी होईल. तुझ्या तोंडून गेलं तरच ती साक्ष होईल. पण उद्या किंवा पुढे कोर्टात मला कुणी सरळ विचारलं, 'त्याला चुकून पाठवलं होतं हे त्या गॅलरीत कुणाला माहीत होतं का', तर मी खोटं बोलणार नाही. २५ तारखेच्या आधी तुला हे ठाऊक असावं म्हणून लिहिलं. हा मित्रपणा आहे की एका कठीण साक्षीतून मी हळूच हात काढून घेतो आहे, याचा निकाल मला लावता येत नाही. तू लाव.

शंभू चोवीसचा आहे, हे मला दिसतं. वहिनी तुझ्या नर्सरीत येऊन बसते, तेही दिसतं. पण यमुनाबाईंनी तुला नावं विचारली होती, योगेश, आणि तू मला लिहिलंस की तू चहा न घेता उठलास. ते तू का लिहिलंस? माझ्यापासून लपवायचं असतं तर ते लिहायचं काही कारण नव्हतं.

निवेदन बॅगेत ठेवलं आहे. समिती अकराला बसते. मी मघापासून उद्याचा क्रम मनात लावत होतो: मंडळाचं कार्यालय, निवेदन, सही, पोच, मग पोलीस ठाणं. सगळे कागद, सगळी टेबलं. आणि मग लक्षात आलं की ज्या एका माणसाला हे सर्वांत आधी कळायला हवं, तिचं नाव या क्रमात कुठेच नव्हतं. समितीने ठराव केल्यावर तो कधीतरी पेठेत पोचेल, पेठेतून पोळी-भाजी केंद्रात, आणि तिथल्या कुणाच्या तरी तोंडून तिच्यापर्यंत. तिचा नवरा म्हणाला होता की मी कसब्यातलाच, आणि ते ऐकूनही त्याला पाठवलं गेलं, माझ्या वाक्यामुळे. हे ऐकून ती दार लावून घेईल, अंगावर ओरडेल, किंवा काहीच बोलणार नाही. कसंही झालं तरी ते मी समोर उभं राहून ऐकायला हवं.

उद्या: सकाळी आठ वाजता, समितीच्या आधी, चंपाबाईंकडे एकट्याने जाणे.

सलिल